मधल्या सीटवरची जागा

व्हॅन घ्यायची ठरली ती कुमुदिनीच्या चाकाच्या खुर्चीमुळे. रिक्षात खुर्ची मावत नाही, टॅक्सीवाले डिकी उघडायला कुरकुर करतात आणि बसचा तर विचारच नको. तेव्हा, म्हणजे एकोणनव्वद साली, दर शनिवारी संध्याकाळी मद्रासच्या नंगनल्लूरहून अड्यारला जायचं आणि तिथल्या दवाखान्यात कुमुदिनीच्या पायांचे व्यायाम करून घ्यायचे, हा रत्नाकर मायदेवचा नेम होता. एक शनिवार चुकवलात तर महिन्याची मेहनत वाया जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पाय परत येतील का, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं नव्हतं.

रत्नाकर संरक्षण खात्याच्या तपासणी कार्यालयात होता. गिंडीच्या छोट्या कारखान्यांतून तयार होऊन येणारे गिअर मोजायचे आणि पास किंवा नापास करायचे, हे त्याचं काम. तीन वर्षांपूर्वी खडकीहून त्याची बदली इथे झाली आणि पहिल्याच पावसाळ्यात कुमुदिनीला ताप आला. रत्नाकर तेव्हा कोइमतूरला होता. तार मिळाली, पण मालाची मोठी खेप अडकून पडली होती, म्हणून तो चौथ्या दिवशी घरी पोचला. ताप उतरला तेव्हा कमरेखालचं बळ गेलेलं होतं. त्या चार दिवसांबद्दल कुमुदिनी कधी एक शब्द बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागायचं.

तसा तो बायकोवर जीव असलेला माणूस. पण लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी त्यानं तिला नावानं हाक मारलेली नव्हती. त्यांच्या घरात ती रीतच नव्हती. वडील आईला 'अगं' म्हणायचे, आजोबा तर नुसते खाकरायचे. रत्नाकरनं 'अगं' म्हणायचं आणि कुमुदिनीनं वळायचं, हे दोघांच्याही अंगवळणी पडलं होतं.

व्हॅनची खबर नारायणस्वामीनं आणली. तो गिंडीतला गॅरेजवाला. सैदापेटेत राहणाऱ्या सकवारबाईंचे यजमान हंबीरराव वर्षापूर्वी वारले होते. त्यांनी बावीस वर्षं कारखान्यातल्या बायकांना घरून आणायचा आणि घरी पोचवायचा धंदा केला होता. ही त्यांची शेवटची गाडी. मंडळी तंजावरकडची मराठी. त्यांचं बोलणं ऐकताना रत्नाकरला नेहमी एखादं जुनं पत्र कुणी मोठ्यानं वाचतंय असं वाटायचं.

"गाडी चोखोट आहे हो," सकवारबाई म्हणाल्या. चोखोट म्हणजे चांगली, एवढं त्याला तीन वर्षांत कळलं होतं. "इंजिन चोखोट. गिअर मात्र थोडा हट्ट करतो. यजमानांस ठावें होतें कसें सांभाळायचें तें." किल्ली हातात देताना त्या घुटमळल्या. "एक गोष्ट सांगायची आहे तुम्हांस. बसा, कॉफी घेऊन येतें."

रत्नाकरनं घड्याळ पाहिलं. ऑफिसात साहेब वाट पाहत असणार. "पुढच्या खेपेला निवांत ऐकतो, बाई," असं म्हणून तो निघाला. पुढची खेप काही लवकर आली नाही.

व्हॅन कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. पंधरा वर्षांची गाडी, तिनं किती म्हणून करायचं? सकाळी ढकलल्याशिवाय ती चालू व्हायची नाही. ढकलायला समोरचे अनंतकृष्ण मामा धोतर खोचून यायचे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना तेवढाच व्यायाम. हॉर्न वळणावर आपोआप वाजायचा आणि दाबला की मुका व्हायचा. गिअरबॉक्समधून तेल ठिबकायचं, त्याचा अंगणात परातीएवढा काळा डाग पडला होता. रत्नाकर ऑफिसातून आला की शर्ट काढून गाडीखाली शिरायचा.

"मला चहा विचारायच्या आधी तिच्या पोटाखाली जाऊन झोपता," कुमुदिनी खिडकीतून म्हणायची. "सवत आहे ती माझी." आणि हसायची. त्या तापानं तिचं बरंच काही नेलं होतं, पण हसणं तसंच ठेवलं होतं. रत्नाकर गाडीखाली पडल्या पडल्या ते ऐकायचा आणि त्याला बरं वाटायचं.

खरी खोड गिअरची. पहिला आणि दुसरा ठीक, चौथाही ठीक. तिसरा मात्र सुटायचा. आणि तोही कुठेही नाही.

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतून जाणारा एक आतला रस्ता आहे. तिथे वळणावर कॉइल गुंडाळण्याच्या एका कारखान्याचं फाटक होतं. कारखाना केव्हाच बंद पडलेला, फाटक गंजलेलं, समोर शिरीषाचं मोठं झाड. पहिल्याच शनिवारी संध्याकाळी साडेपाचला, आजूबाजूच्या कारखान्यांचे भोंगे वाजत असताना, रत्नाकर त्या वळणावर आला आणि खट्कन आवाज झाला. गिअरची दांडी त्याच्या तळव्याला धक्का देऊन मधोमध येऊन उभी राहिली. इंजिन मोकळंच घोंघावलं आणि गाडी घरंगळत बरोबर फाटकापुढे जाऊन थांबली.

थांबली, आणि डाव्या अंगाला किंचित दबली. माणूस पायरीवर पाय ठेवून चढतो तेव्हा दबते तेवढीच.

रत्नाकरनं पहिला टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. या वेळी गिअर निमूटपणे बसला आणि गाडी दवाखान्यापर्यंत सुरळीत गेली. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी तेच. एरवी ऑफिसला जाता-येता त्या रस्त्यानं तो दिवसातून दोनदा जायचा, तेव्हा काही व्हायचं नाही. सोमवार ते शुक्रवार कुमुदिनीची मधली सीट रिकामी असायची, हे त्याच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

गिअर मोजून पगार घेणाऱ्या माणसाचं स्वतःच्या गाडीचा गिअर ऐकत नाही, याची त्याला मनापासून लाज वाटायची. नारायणस्वामीनं गिअरबॉक्स खाली उतरवला. गिअर जागेवर धरून ठेवणारी गोळी आणि स्प्रिंग बदलली. पुढच्या महिन्यात फोर्क बदलला, मग बेअरिंग बदललं. शेवटी रत्नाकर तिसरा गिअर रुमालात गुंडाळून ऑफिसात घेऊन गेला आणि जेवणाच्या सुट्टीत मायक्रोमीटरखाली त्याचा एकेक दात मोजला. सरकारी उपकरण घरच्या कामाला वापरण्याचं पाप त्यानं आयुष्यात तेवढंच केलं. दात निर्दोष होते. समोर आले असते तर त्यानं डोळे मिटून पासचा शिक्का मारला असता.

मग त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि तिसरा टाकल्यावर दांडी सीटच्या दांड्याला करकचून बांधायला सुरुवात केली. जुन्या गाड्यांचे ड्रायव्हर करतात ती युक्ती. त्या शनिवारी वळण आलं आणि पुन्हा तेच, खट्. पट्टी तुटली असेल म्हणून त्यानं खाली पाहिलं. ती तुटली नव्हती. गाठ व्यवस्थित सोडलेली होती आणि पट्टी सीटवर सरळ करून ठेवलेली होती.

त्यानं आरशात पाहिलं. कुमुदिनी दाराजवळ बसायची, तिथून तिला उचलून उतरवणं सोपं जायचं म्हणून. तिनं दोन्ही हात सीटवर रोवले आणि स्वतःला ओढत ती आत, खिडकीकडे सरकली. दाराकडची पिशवी उचलून तिनं मांडीवर घेतली.

"अगं, काय झालं?"

"कुठं काय?" ती म्हणाली. मग तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं, शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. "जागा करून दिली वाटतं मी..."

"कुणाला?"

ती त्या मोकळ्या जागेकडे पाहत होती. घाबरलेली नव्हती. गाडीत कुणी अनोळखी बाई शेजारी येऊन बसली की आपण बघतो, तशी बघत होती.

नारायणस्वामीकडे रत्नाकर सोमवारी गेला आणि म्हणाला की गिअरबॉक्स परत उतरव. नारायणस्वामी तमिळमध्येच बोलायचा, सावकाश बोलला तर रत्नाकरला कळायचं. त्या दिवशी तो फारच सावकाश बोलला.

"सार, त्या गिअरबॉक्समध्ये आता जुनं काही राहिलेलंच नाही. हंबीरराव सार त्या फाटकाशी थांबायचे. खाली उतरून दार उघडायचे. जरा वेळ थांबून लावायचे. मग गिअर धरायचा."

"का पण?"

"ते मी विचारलं नाही, सार. मी गिअरबॉक्सचं काम करतो."

रत्नाकरला हे पटलं नाही. पण तिसऱ्या गिअरनं त्याला इतकं रडवलं होतं की एकदा करून पाहायला हरकत नव्हती. पुढच्या शनिवारी वळणाच्या आधी त्यानं स्वतःच गाडी हळू केली, फाटकापुढे थांबवली, उतरून सरकतं दार उघडलं आणि उगाच टायर बघत असल्यासारखा उभा राहिला. कामावरून सुटलेली माणसं डबे हलवत सायकलींवरून जात होती. झाडाखाली वारा नव्हता. तरी दारातून कनकांबराच्या, म्हणजे अबोलीच्या, गजऱ्यात गुंफतात त्या दवण्याचा वास आत गेला, त्याच्या मागोमाग ओल्या सुती कापडाचा. गाडी दबली. कुमुदिनी सरकली. रत्नाकरनं दार लावलं.

गिअर दवाखान्यापर्यंत हलला नाही. परत येताना हलला नाही. नंतरच्या शनिवारीही हलला नाही, दार उघडलं की झालं.

आणि तिसऱ्या आठवड्यात कुमुदिनीचा अंगठा हलला.

महिन्याभरात ती गुडघा वाकवू लागली. डॉक्टरांनी आपल्या मदतनिसाला बोलावून दाखवलं. दिवाळीला ती कठड्याला धरून उभी राहिली आणि रत्नाकर दवाखान्याच्या बाकावर बसून पोरासारखा रडला. पोंगलला ती काठी घेऊन घरात चालत होती. तिचे पाय तो रोज रात्री कापूर घातलेल्या महानारायण तेलानं चोळायचा, त्याचा गुण म्हणायचा. अनंतकृष्ण मामा डॉक्टरांचा गुण म्हणायचे. व्हॅनचा गुण कुणी म्हणालं नाही, पण रत्नाकरच्या मनात ते येऊन गेलं होतं. त्यानं आलेला विचार परतवून लावला. ज्यानं फायदा होतोय त्याची चौकशी माणूस करत नाही.

घरात बारीकसारीक बदल होत होते. कुमुदिनी फुलवाल्याकडून कनकांबर घेऊ लागली. आमटीत गोडा मसाला घालायचं विसरायची आणि चिंच भरपूर घालायची. एकदा जेवताना म्हणाली, "चोखोट झाली आहे." रत्नाकर हसला. इकडची भाषा चिकटते, त्यात काय मोठं?

मग मार्चमधल्या एका बुधवारी तो साडेपाचला घरी आला, तर कुमुदिनी अंगणाच्या फाटकाशी उभी होती. हातात काठी नव्हती. केसांत फुलं, हातात तीन पुडांचा जेवणाचा डबा, आणि नजर रस्त्यावर.

"अगं, इथे काय करतेस? कुणाची वाट बघतेस?"

"व्हॅन आली नाही अजून," ती म्हणाली. त्याच्याकडे तिनं पाहिलं, पण रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही माणसाकडे पाहावं तसं. त्याच्याच मागे, दोन हातांवर, व्हॅन उभी होती.

थोडा वेळ गेला. मग तिच्या हातातला डबा खाली पडला आणि तिनं त्याची बाही धरली. "अहो, मी इथे कशी आले? मला काही कळत नाही... दुपारपासूनचं काहीच आठवत नाही. तुम्ही मला सोडून कुठे जाऊ नका हं."

"नाही जाणार," तो म्हणाला. कोइमतूरच्या त्या चार दिवसांनंतर तिनं त्याच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. मोजमाप करणारं डोकं ते, एकदा हिशेब मांडायला बसलं की थांबत नाही. त्या फाटकाशी कुणीतरी चढतं. ते दर शनिवारी कळतं, गाडी दबते. पण गाडी पुन्हा वर येताना त्याला एकदाही जाणवली नव्हती. मग उतरतं कुठे?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो सैदापेटेला गेला. सकवारबाईंनी दार उघडलं आणि आश्चर्य दाखवलं नाही.

"आलांत? फार उशीर केलांत," त्या म्हणाल्या. या खेपेला कॉफी पुढे येईपर्यंत तो बसून राहिला.

त्यांनी सांगितलं ते असं. कॉइलच्या कारखान्यातल्या सात बायका हंबीररावांच्या गाडीत असायच्या. त्यांतली सरोजा त्यांच्याच समाजातली, पेरुंगुडीला राहायची, वय पस्तिशीच्या आतबाहेर. पंच्याऐंशीच्या पावसात अड्यार नदी पुलाला लागली होती. हंबीरराव साडेपाचला फाटकाशी गेले. सहा जणी चढल्या. सरोजा आली नाही.

"दहा मिनिटें थांबले हो. बाकीच्या बायका रडूं लागल्या, घरीं पोरें आहेत म्हणून. मग निघाले. ती मागून धांवत आली. हात करत होती. आरशांत दिसली त्यांस." सकवारबाईंनी पेला खाली ठेवला. "थांबले नाहींत. ती पाण्यांतून चालत निघाली. तिसऱ्या दिवशीं वेळचेरीच्या तळ्यांत मिळाली."

"आणि गिअर..."

"पुढल्या आठवड्यापासून सुटूं लागला. यजमानांस कळलें. मग रोज दार उघडून तिला घेत, आणि पेरुंगुडीस तिच्या घरापुढें नेऊन उतरवीत. ताप असला तरी जात. तुम्ही दार उघडतां ना?"

"उघडतो."

"आणि उतरवतां कोठें?"

रत्नाकरनं नकारार्थी मान हलवली.

"किती दिवस झाले?"

"सहा महिने... होऊन गेले."

सकवारबाईंनी पदर तोंडाला लावला. "मग दर खेपेस थोडी थोडी येऊन ती आतां तुमच्याच घरीं राहिली आहे," त्या म्हणाल्या. "तिनें तरी कोठें जायचें? गाडींत दुसरी बाई असली म्हणजेच ती चढे. एकट्या पुरुषाबरोबर ती कधीं बसत नसे. आतां मी सांगतें तें नीट ऐका. घर पेरुंगुडीस, शेवटल्या गल्लींत, दारांत नारळ. दार उघडायचें आणि नाव घेऊन सांगायचें. 'सरोजा, घर आलें, उतर.' नाव घ्यायचें विसरूं नका. नाव घेतल्याविण कोणास सांगितलें, तें तिला कसें कळेल?"

एवढं ऐकूनसुद्धा रत्नाकरनं दोन शनिवार जाऊ दिले. हे सांगायला बरं वाटत नाही, पण तसं झालं. कुमुदिनी आता गच्चीपर्यंत जिने चढत होती. सरोजा गेली आणि तिच्याबरोबर हे पायही गेले तर? रोज सकाळी तो बायकोला चालताना बघायचा आणि मनात म्हणायचा, आज नको, पुढच्या शनिवारी. मग तिनं पुन्हा एकदा ओळख न पटल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं, या वेळी बराच वेळ, आणि त्यानं ठरवलं. पाय नकोत, बायको हवी. खुर्ची ढकलत उरलेलं आयुष्य काढायला त्याची ना नव्हती.

त्या शनिवारी फाटकाशी दार उघडून त्यानं नेहमीसारखं लावलं आणि अड्यारचा रस्ता सोडून गाडी वेळचेरीवरून पेरुंगुडीकडे घातली. दोन्ही बाजूंना दलदल, तिच्यात बगळे, मध्येच ताडाची झाडं. कुमुदिनीनं कुठे चाललोय ते विचारलं नाही. काचेला डोकं टेकून ती बसली होती. तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर रेक्झिन थोडं आत गेलेलं होतं.

शेवटची गल्ली सापडली, नारळही सापडला. घर बंद होतं, पण दारापुढे ताजी रांगोळी काढलेली होती. समोर हातपंपावर चार बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. त्या बोलायच्या थांबल्या आणि या परक्या गाडीकडे बघू लागल्या.

रत्नाकरनं उतरून दार सरकवलं. नाव त्याला पाठ होतं, आठवडाभर त्यानं ते मनात घोकलं होतं. पण पंपावरच्या बायका बघत होत्या, बायको समोर बसली होती, आणि ज्या माणसानं आपल्या लग्नाच्या बायकोला कधी नावानं हाक मारली नाही, त्यानं परक्या बाईचं एकेरी नाव भर गल्लीत मोठ्यानं घ्यायचं... जीभ उचलेना. त्यानं घसा साफ केला. मान खाली घातली. आणि दर शनिवारी दवाखान्याच्या दारात जे शब्द तो बोलायचा तेच, सवयीनं, त्याच्या तोंडून गेले.

"अगं, आलं. उतर."

क्षणभर काही झालं नाही. मग गाडी हलकेच वर आली.

त्याला स्पष्ट जाणवलं ते. त्याच्या छातीवरचा भार उतरल्यासारखं झालं. त्यानं घाईनं दार लावलं आणि गाडी वळवली. वेळचेरी मागे पडेपर्यंत त्यानं आरशात बघायचा धीर केला नाही. पाहिलं तेव्हा कुमुदिनी सरळ बसलेली होती, दोन्ही हात मांडीवर.

"अगं, बरं वाटतंय ना?"

तिनं मान हलवली. घरी आल्यावर ती आपली आपण उतरली आणि चालत आत गेली. पाय गेले नव्हते. रत्नाकरनं गाडीच्या टपावर डोकं टेकलं आणि देवाचे आभार मानले.

पुढचे दोन महिने सुखाचे गेले. गिंडीच्या वळणावर आता गाडी थांबवावी लागत नव्हती. तिसरा गिअर मुकाट्यानं राहायचा. दवाखाना सुटला, खुर्ची माळ्यावर गेली. कुमुदिनी बाजारात जायची, घर लख्ख ठेवायची. भ्रमिष्टासारखं बघणं पार थांबलं. बोलणं तेवढं कमी झालं होतं. महानारायण तेलाची बाटली तिनं कचऱ्यात टाकली, वास सहन होत नाही म्हणाली. एका संध्याकाळी गाडीखाली पडून रत्नाकर मुद्दाम ओरडला, "बघ, तुझ्या सवतीची सेवा चाललीय." खिडकीतून हसू आलं नाही. मग तिनं विचारलं, "कोणाची?"

दमली असेल, असं त्याला वाटलं. 'अगं' म्हटलं की ती वळायची. मग आणखी काय हवं होतं?

मे महिन्यात एका रविवारी, पाय बरे झाले म्हणून, त्यानं तिला महाबलीपुरमला न्यायचं ठरवलं. सकाळी अनंतकृष्ण मामांनी गाडी ढकलून दिली. कुमुदिनी मधल्या सीटवर बसली आणि तिनं पिशवी शेजारी ठेवली. ऊन चढत होतं, खारा वारा होता, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर वर्दळ नव्हती. रत्नाकर गुणगुणत होता.

पेरुंगुडीच्या शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी खट्कन आवाज झाला.

दांडी त्याच्या तळव्याला लागून मधोमध आली. गाडी घरंगळत गेली आणि थांबली. गल्लीतला तो नारळ तिथून दिसत होता. इंजिन चालू होतं. रत्नाकरनं पहिला टाकायचा प्रयत्न केला, मग दुसरा. एकही गिअर पडेना.

मग वास आला. दवण्याचा नव्हे. कापूर घातलेल्या महानारायण तेलाचा. तीन वर्षं रोज रात्री त्याच्या हातांना येत होता तो वास.

हात दांडीवर तसाच राहिला. त्या दिवशी आपण काय बोललो होतो ते त्याला आठवलं, अगदी शब्दन्‌शब्द. त्यानं नाव घेतलं नव्हतं. 'अगं' म्हटल्यावर कोण उठतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एकोणीस वर्षं जी त्या एका शब्दाला वळली, तीच त्या दिवशीही त्याचं ऐकून उतरली होती. आणि दोन महिने ती इथे, या रस्त्यावर, त्याची वाट बघत उभी होती.

"येथें कशास थांबलांत?" मागून आवाज आला. "पुढें चला."

तो उतरला. गाडीला वळसा घालून डावीकडे आला आणि त्यानं दार सरकवलं. आत बसलेल्या बाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती दाराला चिकटून बसली होती, आणि शेजारच्या जागेवर आडवी ठेवलेली पिशवी तिनं हातानं घट्ट धरून ठेवली होती.

रत्नाकरनं दोन्ही हातांनी दार धरलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि असतं तरी आता त्याला पर्वा नव्हती.

"कुमुदिनी," तो म्हणाला. "कुमुदिनी, ये. बस."

आतल्या बाईनं त्या नावाला मान वळवली नाही.

तेलाचा वास जवळ आला, अगदी त्याच्या खांद्याशी आला, आणि तिथेच राहिला. रत्नाकर दार धरून उभा होता. गाडी दबण्याची तो वाट बघत होता. आत पिशवी जागची हलली नाही.